प्रश्न शिवारात पाठवा, सगळा डेटा शहरात आणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात शेतात, बंधाऱ्यांवर आणि कूपनलिकांवर बिनतारी सेन्सर बसवण्याची चर्चा आता कृषी मेळाव्यांपुरती राहिलेली नाही. ऊस उत्पादकांच्या बैठकीत, पाणीपुरवठा संस्थांच्या सर्वसाधारण सभेत आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही हा विषय निघतो, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र सेन्सर किती, किंमत काय, अनुदान कुठून मिळेल आणि मोबाइलवर आलेख दिसेल का, एवढ्यावरच ही चर्चा थांबते. मोजलेले आकडे कुठे साठवले जाणार आणि त्या जाळ्याला एखादा प्रश्न विचारायचा झाला तर तो कसा विचारता येणार, हे खरेदीच्या आधी कुणी विचारत नाही. मी बेळगावात तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो आणि निवृत्तीनंतर येळ्ळूरच्या शिवारात घरचे भात करतो. यंत्रणा चार वर्षे टिकणार की पहिल्या पावसाळ्यातच बंद पडणार, हे बहुतांशी याच दोन प्रश्नांवर ठरते असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

निपाणी तालुक्यातील एका पाणीपुरवठा संस्थेने उसाच्या फडात जमिनीतील ओल मोजणारे सेन्सर बसवून घेतले होते. लागणीनंतर काही महिने सारे ठीक चालले. ऊस डोक्याच्या वर गेला तसा एकेक नोड, म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेला एकेक डबा, मुका होऊ लागला. पुरवठादाराच्या माणसाने पावसाला आणि उंदरांना दोष दिला. संस्थेच्या विनंतीवरून मी ते डबे उघडून पाहिले. झाकणाचे रबर शाबूत होते, आत पाण्याचा थेंब नव्हता, सर्किटवर गंज नव्हता, वायर कुठे कुरतडलेली नव्हती. पण मोटरघराजवळ, म्हणजे सगळ्या नोडांचे आकडे गोळा करणाऱ्या गेटवेच्या अगदी लगत असलेल्या खांबांवरच्या डब्यांतील सेल पूर्ण उतरले होते आणि फडाच्या पार टोकाच्या डब्यांतील सेल मीटरवर जवळजवळ नव्यासारखे व्होल्ट दाखवत होते. टोकाचे नोड जिवंत होते, नियमाने ओल मोजतही होते. त्यांचा निरोप पुढे नेणारे मधले नोड तेवढे संपले होते.

ज्याला या जाळ्यांचे काम माहीत आहे त्याला हे डबे पाहून कारण लगेच कळते. इथे प्रत्येक नोडचा रेडिओ थोड्याच अंतरापर्यंत पोचतो, त्यामुळे लांबचा आकडा एका शेजाऱ्याकडून दुसऱ्या शेजाऱ्याकडे असा टप्प्याटप्प्याने गेटवेपर्यंत येतो. समजा २० नोड एका ओळीत आहेत आणि प्रत्येकाने दर वेळी आपला आकडा जसाच्या तसा पाठवायचा आहे. गेटवेलगतच्या नोडचा आकडा एका टप्प्यात पोचतो, त्यामागच्याचा दोन टप्प्यांत, विसाव्याचा २० टप्प्यांत; म्हणजे एका फेरीसाठी एकूण २१० वेळा रेडिओ चालवावा लागतो. त्यातली २० प्रक्षेपणे एकट्या पहिल्या नोडच्या वाट्याला येतात आणि टोकाच्या नोडला एकच करावे लागते. त्यात ऊस वाढला की पानांतील पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते, पॅकेट, म्हणजे रेडिओवरून एका वेळी जाणारे निरोप, गळतात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. मोटरघराजवळचा नोड आधी मरणार हे कागदावर, एका बेरजेत, खरेदीच्या दिवशीच दिसले असते.

बॅटरी खाते ते मोजणे नव्हे आणि हिशेब करणेही नव्हे. खातो तो रेडिओ. एक बिट हवेतून पाठवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात नोडचा छोटा प्रोसेसर साधारण हजार सूचना पार पाडतो, असे या क्षेत्रात मानले जाते. अनेक नोडांत वापरलेल्या सीसी२४२० या रेडिओ चिपचे आकडे पाहा: प्रक्षेपण करताना ती १७.४ मिलिअँपिअर खेचते आणि नुसते ऐकत बसताना १८.८ मिलिअँपिअर. ऐकणे बोलण्याहून महाग आहे ही गोष्ट पुष्कळांना नवीन वाटते. दोन पेन्सिल सेलांत अंदाजे २५०० मिलिअँपिअर-तास धरले, तर रेडिओ सतत उघडा ठेवणारा नोड साडेपाच दिवसांत संपतो. तोच नोड शंभरातील एक भाग वेळ जागा राहिला आणि बाकी वेळ झोपला, तर रेडिओचा खर्च तेवढ्याच सेलांत दीड वर्ष पुरतो. म्हणून या जाळ्यातील प्रत्येक प्रश्न ऊर्जेच्या भाषेत विचारावा लागतो: हे उत्तर मिळवायला किती नोडांनी किती वेळ जागे राहायचे?

या प्रश्नाची उत्तरे वीस वर्षांपूर्वीच शोधली गेली आहेत, हे मला विशेष करून सांगायचे आहे. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅम्युअल मॅडन, मायकेल फ्रँकलिन, जोसेफ हेलरस्टीन आणि वेई हाँग यांनी टायनीडीबी नावाची प्रणाली उभी केली, आणि त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठात कूगर हा प्रकल्प चालू होता. दोन्हींमागची कल्पना अशी की संपूर्ण जाळ्याकडेच एक डेटाबेस म्हणून पाहायचे. वापरणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगायचे, उदाहरणार्थ ‘पूर्वेकडच्या फडातील सरासरी ओल दर अर्ध्या तासाने द्या’, आणि तो प्रश्न नोडांच्या झाडासारख्या रचनेतून खाली पसरवायचा. ज्या नोडला प्रश्न लागू नाही तो झोपून राहतो. ज्याला लागू आहे तो ठरल्या वेळी जागा होतो, मोजतो, खालून आलेल्या उत्तरांत आपले उत्तर मिळवतो आणि वरच्याला एकच पॅकेट देतो. वरच्या २० नोडांच्या ओळीत एका फेरीला मग २१० ऐवजी २० प्रक्षेपणे पुरतात, आणि महत्त्वाचे म्हणजे गेटवेलगतच्या नोडलाही एकच करावे लागते. त्या काळच्या मायका नोडमध्ये काम करण्यासाठी फक्त ४ किलोबाइट मेमरी होती. आज बाजारात मिळणारा स्वस्तातला मायक्रोकंट्रोलरसुद्धा त्याहून कितीतरी पुढचा आहे, तेव्हा ‘एवढ्या लहान यंत्रावर हे जमत नाही’ या उत्तरावर कुणी समाधान मानू नये.

वाटेतच बेरीज करत येण्याची ही रीत आपल्या वाचकांना अनोळखी नाही. पावसाळ्यात आपल्याच वृत्तपत्रांत रोज छापून येते की राजापूर बंधाऱ्यातून कृष्णेत इतके क्युसेक, दूधगंगेतून इतके, आणि कल्लोळजवळ दोन्ही मिळून एकूण इतके. नदीकाठच्या शेतकऱ्याला तिसरा आकडा हवा असतो. त्यामागच्या पाणी मोजण्याच्या प्रत्येक पट्टीवरचे प्रत्येक वाचन त्याला नको असते. सेन्सरच्या जाळ्याने हेच करायचे आहे, फक्त पाण्याच्या वाटेवर बसून आणि माणसाची वाट न पाहता.

मात्र वाटेत हिशेब करताना तो बरोबर केला पाहिजे, आणि इथे मी प्रत्यक्ष चूक पाहिली आहे. एका फांदीवर तीन नोड आहेत, त्यांची ओल २२, २४ आणि २६ टक्के. दुसऱ्या फांदीवर पाटाजवळचा एकच नोड आहे, त्याची ओल ३८ टक्के. पहिल्या फांदीने आपली सरासरी २४ पाठवली, दुसरीने ३८, आणि वरच्या नोडने त्या दोहोंची सरासरी काढली तर ३१ येते. खरी सरासरी २७.५ आहे. उसाला पाणी द्यायचे की नाही हे ठरवताना हा फरक लहान नाही, कारण थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि मोटर कुठल्या फडाकडे वळवायची याचा निर्णय त्याच वेळात घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येक नोडने सरासरी न पाठवता बेरीज आणि संख्या असे दोन आकडे पाठवायचे आणि भागाकार शेवटी गेटवेवर एकदाच करायचा. कमाल, किमान, बेरीज आणि संख्या वाटेत बिनधोक एकत्र करता येतात. मध्यकाचे, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतील मधल्या आकड्याचे, तसे नाही. तो अचूक हवा असेल तर सगळे आकडे एकत्र आणावेच लागतात. एकच उत्तर दोन वाटांनी वर आले तर कमाल बिघडत नाही, पण बेरीज दुप्पट धरली जाते, हेही संच बसवणाऱ्याने आधी तपासायला हवे.

संख्येचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. वाटेत उत्तरे एकत्र केली की एक पॅकेट गळाले तर एका नोडचे नव्हे, अख्ख्या फांदीचे म्हणणे गळते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र उरलेल्यांची सरासरी तितक्याच ठामपणे झळकत राहते. निपाणीच्या त्या संस्थेत शेवटचे काही आठवडे हेच चालले होते: पडद्यावर ओल दिसत होती आणि ती मोटरघराच्या आसपासच्या, तोवर न संपलेल्या मोजक्या नोडांखालच्या, सतत गळणाऱ्या पाइपने भिजलेल्या जमिनीची होती. टोकाचा ऊस त्या काळात वाळत होता. प्रत्येक उत्तरासोबत ‘२० पैकी १७ नोडांवरून’ असे छापले गेले असते, आणि तो आकडा १७ वरून ६ वर आल्याचे दिसले असते, तर सचिवांनी त्याच दिवशी माणूस पाठवला असता. कोणतीही संस्था पुढे करार करणार असेल तर ही एक अट तिने लेखी घालावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता साठवणीविषयी. सगळे आकडे सर्व्हरवर पाठवले नाहीत तर ते हरवतील, अशी भीती लोकांना वाटते, आणि ती रास्त आहे. पण आकडा मोजला तिथेच ठेवायला लागणारी जागा किती थोडी आहे याचा हिशेब कुणी करत नाही. दर दहा मिनिटांनी एक वाचन म्हणजे दिवसाला १४४. एका वाचनाला वेळेसाठी ४ बाइट, ओलीसाठी २ आणि तापमानासाठी २ धरले तर ८ बाइट होतात. दिवसाचे ११५२ बाइट, वर्षाचे सुमारे ४२० किलोबाइट. मी वर उल्लेखलेल्या जुन्या मायका नोडवर ५१२ किलोबाइटची वेगळी फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी आकडे टिकवणारी मेमरी, होती. म्हणजे एका पूर्ण वर्षाचे, लागणीपासून तोडणीपर्यंतचे, प्रत्येक वाचन त्या डब्यातच मावते. आणि आजच्या फ्लॅश चिपमध्ये एक बाइट लिहिण्याची ऊर्जा तोच बाइट रेडिओवरून पाठवण्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

फ्लॅश वापरण्याची मात्र स्वतःची शिस्त आहे, आणि स्वस्तातले संच तिथेच फसतात. फ्लॅशमध्ये एखाद्या जागी पुन्हा लिहायचे तर आधी त्या भागाचा मोठा ठोकळा एकदम पुसावा लागतो, आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. चिपनुसार ही मर्यादा दहा हजार ते एक लाखाच्या घरात असते. प्रत्येक वाचनाला एकाच जागेवरचा ‘शेवटचा आकडा’ बदलत बसणारा संच ती जागा थोड्याच काळात झिजवून टाकतो. म्हणून लिहीत पुढे जायचे, शेवटाला पोचल्यावर सर्वांत जुना ठोकळा पुसून तिथून पुन्हा सुरू करायचे, म्हणजे झीज सगळीकडे सारखी होते. फ्लॅशमध्ये एका वेळी लिहायच्या भागाला पान म्हणतात. पानाचा आकार २५६ बाइट असेल तर सुरुवातीच्या नोंदीसाठी ८ बाइट सोडून ८ बाइटांची ३१ वाचने मेमरीत जमवून एकदम लिहावीत. दिवसाकाठी १४४ वेळा लिहिण्याऐवजी चार-पाच वेळा लिहून भागते. तोवर बॅटरीचा संपर्क तुटला तर जास्तीत जास्त पाच-साडेपाच तासांची वाचने जातील, आणि ओलीच्या बाबतीत तेवढी जोखीम मला मान्य आहे. नदीच्या पातळीच्या बाबतीत ती मान्य करता येणार नाही. तिथे पान भरण्याची वाट न पाहता लिहावे लागेल.

साठवलेल्यातून शोधायचे कसे, हा साठवणीइतकाच महत्त्वाचा भाग आहे. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्या पानातील पहिली वेळ, किमान आणि कमाल एवढे लिहून ठेवले तर ‘जानेवारीपासून ओल २० टक्क्यांच्या खाली कधी गेली’ या प्रश्नाला नोड स्वतः उत्तर देतो. ज्या पानाचे किमान २० च्या वर आहे ते पान तो उघडतही नाही, आणि शेकडो पानांतून त्याला मोजकीच वाचावी लागतात. हवेतून जाते ते फक्त उत्तर, दोन-चार तारखांचे. जागा अपुरी पडू लागली तर सर्वांत जुन्या महिन्यांची वाचने काढून त्यांच्या जागी रोजचे किमान, कमाल आणि सरासरी ठेवावी. तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ओल किती होती, हे शेतकऱ्याला लागत नाही, पण त्या मे महिन्यात जमीन किती सुकली होती हे निश्चित लागते. जाता जाता एक सूचना: नोडचे घड्याळ दिवसाला तीन-साडेतीन सेकंद सरकणे अगदी सामान्य आहे, वर्षाला ते वीस मिनिटांवर जाते, म्हणून गेटवेशी वेळ जुळवून घेण्याची सोय असल्याखेरीज साठवलेल्या तारखांवर भिस्त ठेवू नये.

सगळी कच्ची वाचने कुणाला हवी असतील, कृषी विद्यापीठाच्या अभ्यासकांना ती लागतातच, तर हंगामात एकदा मोबाइल घेऊन फडातून फिरावे आणि जवळच्या जवळ ब्लूटूथने ती उतरवून घ्यावीत. याचा आणखी एक लाभ असा की आकडे शेतकऱ्याच्या बांधावर राहतात. वर्षाची वर्गणी थांबली की पडदा बंद आणि मागचे सगळे आकडे पुरवठादाराच्या सर्व्हरवर अडकलेले, असा प्रसंग आपल्या भागात काही संस्थांवर आला आहे.

पुराच्या बाबतीत हाच विचार अधिक काळजीने करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली, हे सर्वांना आठवत असेल. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर हे पूल आणि बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या तर जवळजवळ दर पावसाळ्यात येतात. अशा ठिकाणी जानेवारीत दर पाच मिनिटांनी पातळी पाठवणे म्हणजे बॅटरी जाळणे होय, आणि जुलैत दिवसातून एकदा पाठवणे म्हणजे यंत्रणा नसल्यासारखेच. प्रश्नच ऋतूप्रमाणे बदलता आला पाहिजे. नोडने पातळी मोजत राहावे, पण मागच्या पाठवलेल्या आकड्यापासून ठरावीक सेंटिमीटरांचा फरक पडला तरच बोलावे, आणि एका तासात पाणी किती चढले हे स्वतःच काढून सांगावे, कारण काठावरच्या माणसाला पातळीपेक्षा चढीचा वेग अधिक कामाचा असतो. सोबत दर काही तासांनी ‘मी चालू आहे’ एवढा छोटा निरोप मात्र सक्तीचा असावा. नोड गप्प आहे याचा अर्थ पाणी स्थिर आहे की नोड वाहून गेला, हे एरवी कळणार कसे? बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरून उभे भात कुजताना आम्ही येळ्ळूर, शहापूर, वडगाव भागातले शेतकरी पाहत आलो आहोत. नाल्याच्या काठाला पाणी टेकल्याचा निरोप रात्री एका तासाने लवकर मिळाला तरी मोटर आणि खताची पोती उचलून ठेवता येतात.

पुराच्या नोडने सगळे स्वतःजवळच साठवले तर मात्र नोडबरोबर आकडेही बुडतात, आणि नेमके सर्वांत मोठ्या पुराचे आकडेच हाती लागत नाहीत. यावरही काम झालेले आहे. ‘दूधगंगा-पातळी’ अशा नावावरून गणिताने एक स्थान काढायचे आणि त्या स्थानाच्या सर्वांत जवळच्या नोडवर तो डेटा ठेवायचा, म्हणजे विचारणाऱ्याला कोणाकडे जायचे हे शोधत बसावे लागत नाही. शिवाय आसपासच्या नोडांवर त्याच्या प्रती ठेवता येतात. आपल्याकडे एवढे पुरे की बंधाऱ्यावरच्या नोडची प्रत गावठाणातल्या उंचवट्यावरच्या, शाळेच्या किंवा मंदिराच्या छपरावरच्या नोडवर पडावी.

या नद्या दोन राज्यांतून वाहतात, याचाही इथे संबंध येतो. दूधगंगेचे धरण काळम्मावाडीला, वेदगंगेवरचे पाटगावला, दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यात. पाणी पोचते ते निपाणी आणि चिकोडीत. वरचा सगळा डेटा खालच्या कार्यालयाला द्यायचा की नाही, यावर पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालू राहू शकतो. पण प्रश्न पाठवण्याच्या रीतीत सगळा डेटा द्यावाच लागत नाही. तिकडचे आकडे तिकडेच राहतील. ‘मागच्या दोन तासांत वरच्या पट्ट्यांवर पाणी किती चढले’ या प्रश्नाचे एक उत्तर हद्द ओलांडून येईल, आणि इकडून कल्लोळची पातळी शिरोळकडे जाईल. दोन्ही बाजूंच्या गावांना लागते ते एवढेच, आणि ते मराठीत व कन्नडमध्ये एकाच वेळी मोबाइलवर देणे अजिबात अवघड नाही.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: आता लोरा हे लांब पल्ल्याचे रेडिओ तंत्र आले आहे, एका टप्प्यात कित्येक किलोमीटर जाते, मग हा खटाटोप कशाला? आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालणारे लोरा खरोखर उपयुक्त आहे आणि उसात ते २.४ गिगाहर्ट्झपेक्षा चांगले चालते. पण सर्वांत लांब पोचणाऱ्या मंद वेगावर लोरावॅनच्या, म्हणजे लोरावर उभारलेल्या जाळ्याच्या, एका पॅकेटमध्ये फक्त ५१ बाइट मावतात, म्हणजे आपली ८ बाइटांची सहा वाचने, आणि तेवढे पाठवायला दोन सेकंदांहून अधिक वेळ रेडिओ चालतो. शिवाय बॅटरीवर चालणारी नेहमीची लोरावॅन उपकरणे स्वतः बोलल्यानंतर थोडा वेळच ऐकतात. त्यांना मध्येच प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न गेटवेवर थांबून राहतो आणि नोड पुढच्या वेळी बोलेल तेव्हा त्याच्या हाती पडतो. नोड दिवसातून एकदा बोलत असेल तर आजचा प्रश्न त्याला उद्या कळेल. पुराच्या दिवसांत हे चालणार नाही, म्हणून पावसाळ्यात नोडने दर दहा-पंधरा मिनिटांनी छोटा निरोप द्यावा आणि त्या निमित्ताने ऐकावे, अशी मांडणी आधीच करून ठेवावी लागते.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक नोडला सौरपट्टी आणि सिमकार्ड द्या, म्हणजे बॅटरीची काळजीच नको. रस्त्यालगतच्या बंधाऱ्यावर ते जरूर वापरावे. परंतु पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, उसाच्या आत सौरपट्टीवर ऊन पडत नाही, आणि मलप्रभेचा उगम ज्या कणकुंबीच्या जंगलात आहे तिथे आणि जांबोटीच्या पट्ट्यात मोबाइलची रेंज शोधत फिरावे लागते. मलप्रभेच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि पातळी मोजायची असेल तर मोजणी, साठवण आणि उत्तर या तिन्ही गोष्टी नोडांनी आपापसांत करण्यावाचून उपाय नाही.

आपल्या वृत्तपत्राद्वारे पाणीपुरवठा संस्थांच्या संचालकांना आणि पंचायतींच्या सदस्यांना माझे सांगणे आहे की दरपत्रक मागवताना सेन्सरच्या संख्येच्या आधी आपले प्रश्न लिहून काढा. कोणत्या फडाची, कोणत्या काठाची, किती वेळाने, किती अचूक माहिती हवी, आणि ती मिळाली नाही तर काय बिघडेल, हे दोन पानांत मावते. पुरवठादाराने त्या प्रश्नांवरून प्रत्येक नोड दिवसाला किती वेळ जागा राहील याचा हिशेब लेखी द्यावा; गेटवेलगतच्या नोडचा हिशेब वेगळा द्यावा; प्रत्येक उत्तरासोबत किती नोडांवरून ते आले हे दाखवावे; आणि कच्ची वाचने नोडवर किती महिने राहतील व संस्थेला कोणत्या स्वरूपात मिळतील हे करारात असावे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि अभियांत्रिकीची कितीतरी मुले इथे दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करतात. बहुतेक प्रकल्पांत एक सेन्सर, एक वायफायचा बोर्ड आणि क्लाउडवरचा आलेख एवढेच असते. त्याऐवजी कंटिकी या लहान नोडांसाठीच्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रणालीवर, जिच्यात फ्लॅशसाठी स्वतंत्र फाइल व्यवस्था तयारच आहे, नोडमधल्या नोडमध्ये शोधणारी आणि वाटेत बेरीज करणारी प्रश्नव्यवस्था मुलांनी लिहिली आणि ती उद्यमबागेतल्या प्रयोगशाळेत न ठेवता एखाद्या खऱ्या फडात एक हंगाम चालवून पाहिली, तर शिक्षक म्हणून मला फार आनंद होईल.

नदीवरची पहिली चाचणी मलिकवाड आणि कल्लोळ येथे घ्यावी असे मला वाटते, आणि ती एप्रिल-मेमध्ये, पात्र उघडे असताना आणि खांबाला पट्टी बसवता येत असतानाच व्हायला हवी. सीमेच्या अलीकडची किंवा पलीकडची जी संस्था पुढे येईल तिला प्रश्नांचे कोष्टक, बॅटरीचा हिशेब आणि फ्लॅशची मांडणी विनामूल्य करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक व भातशेतकरी,
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव